दुसरा दौलत

उत्तमराव गुरुजींनी दोन कॅसेटची कव्हरं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि खिशातली सहा इंची पट्टी आधी एका फोटोतल्या कानाला लावली, मग दुसऱ्या फोटोतल्या. चष्मा कपाळावर सरकवून ते कव्हरांवर वाकले.

"पाहा बाई. ह्याच्या कानाची पाळी सुटी हाये. ह्याची गालाले चिकटेल हाये. मानसाचं सारं बदलते, पाळी नाही बदलत."

मनकर्णा हजेरीपटात रेघा मारत होती. तिनं मान वर केली नाही.

"छापताना शाई पसरली असंन."

"शाई एकाच कानाले पसरते का?"

"गुरुजी, घंटेची वेळ झाली."

उत्तमराव उठले, पण कव्हरं तिथेच राहिली. दोन्हींवर नाव एकच होतं: दौलत मुनेश्वर. एकावर गुळगुळीत चेहऱ्याचा हसरा तरुण, दुसऱ्यावर दाढीवाला, काळ्या चष्म्यातला, कपाळावर आडवा व्रण असलेला माणूस. पैनगंगेच्या दोन्ही काठांवर जयंती असो, लग्न असो, नाही तर नुसतं चहाचं हॉटेल असो, दौलतची भीमगीतं वाजत नाहीत असं गाव नव्हतं. हा दौलत मनकर्णाचा धाकटा भाऊ. उत्तमरावांना ते ठाऊक होतं. म्हणूनच त्यांनी पट्टी तिच्यासमोर काढली होती.

चार वर्षांपूर्वी, डिसेंबरात, केरामेरीच्या घाटात दौलतच्या गायन पार्टीची जीप पुलावरून खाली गेली. कोरसमधला एक जण जागच्या जागी गेला. दौलत तीन महिने नागपूरच्या दवाखान्यात होता. बाहेर आला तो ही दाढी, हा चष्मा आणि जरा बसका आवाज घेऊन. पुढच्या जयंतीला तो पुन्हा गायला उभा राहिला आणि त्याच जयंतीपासून लोक बोलायला लागले. खरा दौलत घाटातच मेला. हा दुसरा आहे. कुणी म्हणे, हैदराबादेहून शोधून आणला. कुणी म्हणे, दौलतची गाणी मोठ्या लोकांना बोचत होती, त्यांनीच जीप ढकलली आणि आपला माणूस उभा केला. पहिला दौलत गाताना डावा हात कानाशी न्यायचा, हा उजवा नेतो. पहिला दोन गाण्यांच्या मध्ये पोरांची चेष्टा करायचा, हा खाली बघतो. जैनथच्या बाजारात तर कुणी असंही शोधून काढलं होतं, की टेपरेकॉर्डरचे सेल उतरले आणि फीत रेंगाळायला लागली, की नव्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला गाणं संपता संपता एक जाड आवाज म्हणतो, मी तो नाही. लोक त्यासाठी उतरलेले सेल जपून ठेवत होते.

मनकर्णा सगळ्यांना एकच उत्तर द्यायची. "तुमी पाह्यलं का? नाही ना? मंग बोलू नका." वर्गातल्या मुलांनाही ती हेच शिकवत आली होती. पाहिल्याशिवाय मानायचं नाही, तपासल्याशिवाय बोलायचं नाही.

पण या चार वर्षांत तिनंही त्याला पाहिलं नव्हतं.

आई गेली तेव्हा दौलत सहा वर्षांचा होता आणि मनकर्णा सोळा. तिनं त्याला वाढवलं, शाळेत घातलं, त्याच्या आधी स्वतः शिकून मास्तरीण झाली. त्याचा गुरुजीच्या ट्रेनिंगला नंबर लागला त्या वर्षी त्यानं तिला सांगितलं, की तो जाणार नाही, पार्टी काढणार आहे. त्या दिवशी ती नको ते बोलली. नोकरी सोडून तमाशेच करायचे असतील तर या उंबऱ्यात पाय ठेवू नको, म्हणाली. बाबासाहेबांच्या गाण्यांना ती तमाशा म्हणाली, हे तिला स्वतःलाच ऐकू आलं, पण तोवर दौलत चपला घालत होता. त्याचा चहा चुलीजवळ तसाच राहिला. त्यानंतर तो खरोखरच कधी आला नाही. वर्ष-दीड वर्षात त्याचं नाव झालं, कॅसेट निघाली, आणि मग घाट.

अपघाताची बातमी तिला वीस दिवसांनी कळली. ती नागपूरला जायला निघणार, तेवढ्यात आंतर्देशीय पत्र आलं. "मी बरा आहे. येऊ नये. काळजी नसावी. दौलत." दोन ओळी. ती गेली नाही. अजून राग गेलेला नाही, असं तिनं ठरवून टाकलं.

त्या दुपारी शाळा सुटल्यावर तिनं कपाटातला शाळेचा टेपरेकॉर्डर काढला. सेल जुनेच होते. उत्तमरावांनी ठेवलेल्या कव्हरातली नवी कॅसेट तिनं घातली, दुसरी बाजू लावली आणि रिकाम्या वर्गात मुलांच्या बसकरपट्टीवर बसली. आवाज रेंगाळत, खरवडत आला. शेवटी कुणी काही म्हणालं नाही. नुसती घरघर होती. ती उठणार होती, पण मग तिला दुसरंच काही ऐकू आलं. फीत इतकी हळू चालली होती की गाणाऱ्याचा श्वास वेगळा कळत होता. तो ओळीच्या मध्ये श्वास घेत होता. दौलत ओळ तुटू द्यायचा नाही. लहानपणी तो ओढ्यात बुडी मारून शंभरपर्यंत आकडे मोजायचा आणि काठावर तिचा जीव जायचा.

तिनं बटण दाबलं. बाहेर शाळेच्या कुंपणावर बकऱ्या चरत होत्या.

*

रविवारी लक्ष्मणराव आले. ते आदिलाबादला मंडल ऑफिसात कारकून होते आणि मावल्याच्या नव्या बुद्धविहाराच्या कमिटीचे सचिव. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचं वर्ष होतं, विहाराचं उद्घाटन पंधरा दिवसांवर आलं होतं. पाणी प्यायल्यावर त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि सरळ विषयाला हात घातला.

"दौलतचा प्रोग्राम ठेवला हाये बाई. सकाळच्यालेच. पन लोकं म्हनून राह्यले, नकली मानूस विहारात गाऊ देनार नाही. मांगच्या महिन्यात एका गावाले गोटे मारले त्याले. हार्मोनियम फुटली. चंपतरावचं, ढोलकीवाल्याचं, डोकं फुटलं."

"मंग नका ठेवू."

"आता नाही ठेवला तर खरंच नकली होता म्हनतीन." लक्ष्मणराव पुढे सरकले. "तुमची एक गवाही पायजे. तुमी बहीन. तुमच्याशिवाय त्याले रक्ताचं कोनी नाही. माइकवर या, लोकायसमोर त्याले पाहा आन तस्दीक करा. हो तर हो, नाही तर नाही. तुमी खोटं बोलत नाही हे साऱ्यायले माहीत हाये."

"माहा भाऊ माहा हाये हे मी माइकवर काऊन सांगू?"

लक्ष्मणरावांनी खाली पाहिलं. "कारन तुमी चार वर्सांत येक बी डाव नाही सांगतलं, बाई."

ते गेल्यावर तिनं पेटीतून ते आंतर्देशीय पत्र काढलं. मुलांच्या वह्या तपासताना वरचं नाव न बघता अक्षर कुणाचं ते ती सांगू शकत असे. दौलतला तर अक्षर तिनंच गिरवायला लावलं होतं. पत्रातलं अक्षर त्याचं नव्हतं. हात प्लास्टरमध्ये असेल, कुणाकडून लिहवलं असेल, असं चार वर्षांपूर्वी तिनं स्वतःला सांगितलं होतं आणि पत्र घडी करून ठेवून दिलं होतं. पुन्हा उघडलं नव्हतं. आताच का उघडलं, हे तिला कळलं नाही.

*

मावल्याच्या विहारावर पंचशील ध्वज लागला होता. पांढऱ्या साड्यांतल्या बाया मांडवात रांगेनं बसत होत्या. मागे, रस्त्याच्या अंगाला, तरुण पोरांचा घोळका उभा होता आणि त्यांच्यात कुणी तरी एकसारखं खिदळत होतं. लक्ष्मणरावांनी तिला विहारामागच्या खोलीच्या दारापर्यंत नेलं आणि ते मांडवाकडे परत गेले.

खोलीत सतरंजीवर पार्टीचे सहा जण बसले होते. डोक्याला पट्टी बांधलेला चंपतराव ढोलकी आवळत होता. तिला बघून त्याचा हात थांबला. भिंतीला टेकून काळ्या चष्म्याचा माणूस बसला होता. तो उठून उभा राहिला.

तेव्हाच तिला कळलं. दौलत उठला नसता. दौलतनं तोंड फिरवलं असतं, नाही तर बसल्या बसल्याच, लय दिवसांनी आठवन आली, असं काही तरी टोचून म्हणाला असता. तिच्यासाठी उठून उभा राहण्याइतका तो तिला कधी परका नव्हता.

"बसा ना आक्का तुमी," तो म्हणाला.

आक्का हा शब्द बरोबर होता. पण दौलतनं तिला जन्मात कधी तुमी म्हटलं नव्हतं.

मनकर्णा बसली. त्यानं चष्मा काढला. डोळे लहान होते, काळजीचे. ठेवण दौलतसारखीच होती, हनुवटी, खांदे, सगळं. दहा हातांवरून कुणीही फसलं असतं. तिनं त्याच्या कानाकडे पाहिलं नाही.

"बरा हायेस?" तिनं विचारलं.

"हाव."

चंपतरावनं ढोलकी बाजूला ठेवली. "बाई," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "तुमी जे सांगान ते. आमी काही म्हननार नाही. उठून चालले जाऊ."

बाहेर भन्तेजींनी त्रिशरण सुरू केलं, तसे सगळे हात जोडून उभे राहिले. तीही राहिली.

वंदना झाली, पार्टी मंचावर चढली. मनकर्णाला पुढच्या रांगेत खुर्ची दिली होती. पहिल्या गाण्याला मागच्या घोळक्यातून आरोळी आली, "असली का नकली?" हशा झाला. दुसऱ्या गाण्याला एक चप्पल मंचाच्या कडेवर येऊन पडली. गाणारा थांबला नाही. तिसऱ्या गाण्याआधी त्यानं खिशातून एक जुनी वही काढली, तिचे कोपरे काळे पडले होते. ती उघडून समोर ठेवली आणि माइकमध्ये म्हणाला, "हे गानं आजपर्यंत म्हनलं नाही. आज म्हनतो."

*पाटी तिच्या डोईवरी, मी तिच्या पाठीवरी,*
*ओढ्याले पूर होता, शाळा होती पैलतीरी.*

मनकर्णाला तो दिवस समोर दिसला. आषाढातला ओढा, पाठीवर सात वर्षांचा दौलत, पाटी भिजू नये म्हणून ती टापशीत खोवून डोक्यावर बांधलेली. त्या दिवशी ओढ्यावर तिसरं कुणी नव्हतं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं काही आहे असंही तिला वाटलं नव्हतं. गाण्यात पुढे बहीण रागावते, दार लावते आणि भाऊ म्हणतो, मी गातो आहे तेही तुझ्याच पाठीवर बसून. मांडवातल्या बाया डोळे पुसायला लागल्या. मागचा घोळका गप्प झाला होता. ओळीच्या मध्ये गाणाऱ्याचा श्वास तुटत होता, तरी तो प्रत्येक शब्द सांभाळून, काही सांडू नये तसा म्हणत होता.

लक्ष्मणरावांनी तिला मंचावर बोलावलं. माइक तिच्या उंचीला खाली केला. सगळा मांडव तिच्याकडे बघत होता. उत्तमराव गुरुजीही आले होते, खांबाला टेकून उभे होते. तिनं वहीकडे पाहिलं. उघड्या पानावर दौलतचं अक्षर होतं, तिनंच गिरवून घेतलेलं. पुढची पानं अजून भरपूर होती.

"मी मनकर्णा मुनेश्वर," ती म्हणाली. "जैनथकडे शाळेत शिकवते." तिचा आवाज वर्गातल्यासारखाच निघाला. "हा माहा भाऊ हाये. दौलत."

टाळ्या पडल्या, मग जयभीमचा गजर झाला. लक्ष्मणराव काहीतरी ओरडून सांगत होते. गाणारा तिच्या शेजारी उभा होता. गजर चालू असताना ती त्याच्याकडे न वळता, ओठ फारसे न हलवता म्हणाली,

"कुठी हाये तो?"

त्यानं कोण म्हणून विचारलं नाही.

"इंद्रवेल्लीच्या पुढं," तो म्हणाला. "माह्या गावाले."

"उद्या ने मले."

*

सकाळची उटनूर बस अर्धी रिकामी होती. तो खिडकीशी बसला, ती कडेला. गुडीहत्नूर मागे पडलं. मग तो आपण होऊन सांगायला लागला, समोरच्या सीटच्या दांडीकडे बघत.

"थंडी होती. समोर हवा लागत होती. म्या माहा कोट दौलतले देला. खिशात माहा बसचा पास होता. तोंड... काही राह्यलं नव्हतं आक्का. पंचनाम्यात पासावरचं नाव लिहिलं. माह्या घरी खबर गेली, आन त्याले माह्या गावाले नेऊन माती देली. मी तिकडे बेसुद होतो. शुद्धीवर आलो तं सिस्टर मले दौलत म्हनून राह्यली होती."

"पार्टीवाल्यायले माहीत होतं."

"हाव. चंपतराव म्हने, जयंतीपर्यंत गप राह्य. मंग सांगू. जयंती झाली. मंग लोकं म्हनाले आनखी एक प्रोग्राम. मंग वही उघडली त्याची. पन्नास गानी, कोनी न आयकेल. तो मेला म्हनलो असतो तं हेबी मेले असते." त्यानं तळहात पुसला. "सुरवातीले बरं वाटलं. खोटं कायले सांगू. कोरसमधल्या मानसाकडे कोनी पाहत नाही. मंग लोकं म्हनाले, हा तो नाही. तेव्हा वाटलं, बरं झालं, कोनाले तरी समजलं."

"ते पत्र तूच लिहिलं."

त्यानं मान हलवली. "तुमी येऊन पाह्यलं असतं तं तुमाले लगेच समजलं असतं."

खिडकीबाहेर कापसाची शेतं पांढरी झाली होती. समजलं असतं. मनकर्णा त्या दोन शब्दांवर पुढचा बराच रस्ता बसून राहिली. मग तिनं विचारलं,

"माय हाये तुले?"

"हाये."

"तिले माहीत हाये?"

"नाही," तो म्हणाला. "दवाखान्यातून निंगाल्यावर गेल्तो. रस्त्यावरून पाह्यलं. ती मातीजवळ बसेल होती. बोलून राह्यली होती त्याच्याशी, माह्या नावानं. मी जिता हाये म्हनलो असतो तं मंग तो कोन, हे सांगा लागलं असतं. रस्त्यावरूनच वापस आलो. दर साली येतो. रस्त्यापर्यंतच."

इंद्रवेल्लीला, गोळीबारात मेलेल्या आदिवासींच्या स्तूपाजवळ, पोलिसांनी नेहमीच्या तपासणीसाठी बस थांबवली. एक जवान आत चढला, वही घेऊन उतारूंची नावं विचारत आला.

"नाम?"

"दौलत मुनेश्वर," तो म्हणाला. जराही अडखळला नाही.

मनकर्णानं आपलं नाव सांगितलं. जवानानं दोन्ही नावं लिहून घेतली.

*

फाट्यावर उतरून ते पाव कोस चालले. शेताच्या बांधाला लागून एक कडुलिंब होता आणि त्याच्या सावलीत हातभर उंचीचा निळा रंगवलेला चौथरा. तो डांबरी रस्त्यावरच थांबला.

"तुमी जा," तो म्हणाला.

ती एकटी गेली. चौथऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं: *स्मृतिशेष बाबाराव धोंडीबा भरणे. कोरस गायक.* ज्याच्याबरोबर ती आली होती त्या माणसाचं नाव तिला असं कळलं. तिनं खाली बसून तळहात सिमेंटवर ठेवला. रंग नवा होता, भोवतीची माती सारवलेली होती, वर झेंडूची दोन ताजी फुलं होती. तिच्या भावाची इतकी निगा कुणी राखली होती आणि तिला ठाऊकही नव्हतं. तमाशा हा एकच शब्द पुन्हा पुन्हा मनात येत राहिला.

"कोन व्हय?"

कापसाच्या ओळींतून एक म्हातारी येत होती. कमरेच्या ओटीत वेचलेला कापूस, डोक्यावर पदर. जवळ येऊन ती थांबली, धापा टाकत.

"मी जैनथकडची," मनकर्णा उठत म्हणाली. "मास्तरीन हाये."

"माह्या बाबारावले ओळखत होते का?"

"माहा भाऊ त्याच्या संगं गात होता. दौलत."

म्हातारी खाली बसली. तिनं मनकर्णाचा हात धरून तिलाही बसवलं. "तुमी दौलतच्या बहीन! मी बयनाबाई. त्याची माय. चार वर्सांत पार्टीतलं कोनी इकडे फिरकलं नाही पाहा. तुमीच आल्या." तिनं फुलं जराशी सरळ केली. "तुमचा वाचला ते बरं झालं. येक तरी वाचला. म्या कधी वाईट नाही चिंतलं त्याचं."

"हाव," मनकर्णा म्हणाली.

"गावात लावतेत त्याची क्यासेट. मी नाही आयकत. उठून वावरात येते." बयनाबाई ओटीतला कापूस बोटांनी चाचपत होती. "दोघं संगं गाऊ गाऊ आवाज येकसारखा झाला असंन. मले वाटते, माहाच गाऊन राह्यला. मंग दिवसभर जेवन जात नाही."

मनकर्णानं चौथऱ्याकडे पाहिलं आणि तिच्या पोटातून आवाज निघाला. तो तिचा तिलाच ओळखू आला नाही. चार वर्षं ती एकदाही रडली नव्हती. जिवंत भावासाठी कोण रडतं. आता ती कपाळ त्या ऊन सिमेंटला टेकून रडली, मोठ्यानं, शाळेत मुलं पाहतील याची सवयीची भीतीही न उरता. बयनाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. नंतर तिनं आपल्या पदरानं तिचं तोंड पुसलं.

"दुसऱ्याच्या लेकरासाठी कोन येवढं रडते, माय," ती म्हणाली.

शेतात कुणी बाई दुसरीला हाक मारत होती. मनकर्णानं हुंदके आवरले. ती उठायला लागली, तशी बयनाबाईची नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे गेली.

"तो रस्त्यावर कोन उभा हाये? तुमच्या संगं हाये का?"

मनकर्णानं वळून पाहिलं. तो होता तिथेच होता. चष्मा काढून त्यानं हातात धरला होता. इतक्या लांबून चेहरा दिसत नव्हता, फक्त माणूस दिसत होता.

"माहा भाऊ हाये," ती म्हणाली.

बयनाबाईनं कपाळावर हात आडवा धरला. ती पाहत राहिली. ओटीची गाठ सैल झाली, कापूस तिच्या पायांशी सांडला, तरी तिनं हात खाली घेतला नाही. मनकर्णाला वाटलं आता ती काही विचारेल, आणि विचारलं तर आपण काय सांगू हे तिला ठाऊक नव्हतं.

बयनाबाईनं विचारलं नाही. तिनं सावकाश हात खाली केला.

"उन्हात काऊन उभा हाये मंग," ती म्हणाली. "सावलीत ये म्हना त्याले. मी भाकर टाकते."

आणि कापूस तसाच टाकून ती घराकडे चालायला लागली.